मला तीन, दादाला नऊ

डोंबिवलीत थंडी पडली असं कुणी म्हणालं की मी आधी पुरावा मागतो. खोबरेल तेल गोठलंय का? नाही. तोंडातून वाफ येते का? येते, पण ती चहाची. मग थंडी कसली? तरीही दर वर्षी तुळशीचं लग्न उरकतं, कुंडीला टेकवलेला ऊस गॅलरीत वाळत पडतो, आणि एका सकाळी जाग येते तेव्हा पंखा चारवरून दोनवर आलेला असतो. तो कुणी आणला हे घरात कुणीच कबूल करत नाही. बायको माझ्याकडे बघते, मी तिच्याकडे बघतो. त्या बघण्यात जो गारवा असतो, तीच आमची थंडी.

मग मी खाली पार्किंगमध्ये जातो आणि सायकलवरची जुनी चादर ओढतो. जाड दातेरी टायरची, डोंगरात चालवायची सायकल. चादरीखालून चेनच्या तेलाचा, सुकलेल्या चिखलाचा आणि वाळक्या गवताचा वास येतो, आणि त्या वासाबरोबर एकच हिवाळा वर येतो. हिवाळे बरेच झाले, पण नाकाला तोच आठवतो. त्या हिवाळ्यात मी सगळ्यांवर संशय घेतला. आणि सांगायला हरकत नाही, फार मजा आली.

खडवलीच्या पुढे, डोंगराच्या कुशीत एक पाझर तलाव आहे. त्याचं नाव मी सांगणार नाही. तुम्ही चांगली माणसं असाल, पण तुमच्याबरोबर येणाऱ्यांची मला खात्री नाही. ते स्पीकर आणतील, वेफर्सची पाकिटं टाकतील, आणि पाण्यात पाय सोडून फोटो काढताना त्यांचा फोन पाण्यात पडला की तळ्याला शिव्या देतील. तर तळं. त्याच्याभोवती गुरांनी आणि लाकूडफाट्याला जाणाऱ्या बायकांनी पाडलेली एक वाट आहे, आणि तीच आमची फेरी. आधी बांधावरचा सपाट रस्ता, जिथे प्रत्येकाला आपण खेळाडू आहोत असं वाटतं. मग ऐनाच्या झाडांमधली मुळांची वाट, जिथे हे वाटणं कमी होतं. मग कोरडा ओहोळ, त्यातले पायाखाली लोळणारे गोटे, आणि शेवटी एक चढ. तो फार मोठा नाही. कुठल्याही नकाशात तो मध्यम म्हणूनच दाखवला असेल. नकाशा काढणाऱ्याचं वय मात्र कुठे लिहिलेलं नसतं.

बांधाच्या सुरुवातीला शेंदूर लावलेली गावदेवी आहे. त्या हिवाळ्यात आम्ही नऊ जण, सगळे पन्नाशीच्या अलीकडचे-पलीकडचे, कल्याण-डोंबिवलीचे, बँकांत, कंपन्यांत, सरकारी कचेऱ्यांत आयुष्य घातलेले. रविवारी उजाडायच्या सुमाराला एका छोट्या टेम्पोत सायकली आडव्या घालायच्या, आपण त्यांच्या फटींत बसायचं, शहाडच्या पुलावर नदीवरचं धुकं अंगावर घ्यायचं आणि तळ्यावर उतरायचं. उतरल्यावर देवीला नमस्कार करून सगळे तळं उजव्या हाताला ठेवून निघायचो. का, असं कुणी विचारलं नाही. देवीचं तळं, म्हणजे प्रदक्षिणा, आणि प्रदक्षिणा उजवीच. आमच्यातले जे स्वतःला नास्तिक म्हणवून घ्यायचे तेही उजवीकडूनच फिरायचे. तसा तो चढ या बाजूने आला की अगदी शेवटी येतो, फुप्फुसं रिकामी झाल्यावर. दुसऱ्या बाजूने गेलं तर तो उतार होतो. पण सोयीसाठी देवीला उलटं फिरायचं म्हणजे काय, वेड लागलंय?

त्या मोसमात मी दादाला आणलं. दादा माझा थोरला भाऊ, कल्याणला राहतो. कोलशेतच्या एका रसायनांच्या कारखान्यात उभं आयुष्य काढून निवृत्त झालेला, आणि निवृत्तीनंतर टीव्हीवर हरणांच्या मागे धावणारे वाघ बघून वहिनीला "बघ कसा धावतो" असं सांगणारा. त्याने सायकल घेतली तेव्हा वहिनीने मला बोलावून घेतलं. पोह्यांची बशी हातात दिली आणि म्हणाली, "बीपीची गोळी आहे यांना. मला सांगतात घेतली, डबीत तशीच असते. तुझ्या भरवशावर सोडतेय हं. जसे नेशील तसे परत आण."

"वहिनी, मी काय त्याला हिमालयात नेतोय?"

"तुम्ही दोघं भाऊ सरळ भाजी आणायला गेलात तरी मला धडधडतं," वहिनी म्हणाली. "पोहे खा."

त्या पोह्यांचं ओझं मी हिवाळाभर वाहिलं.

आणि मग ती बाई दिसली.

आमच्याच वयाची, काळीसावळी, काटक. डोक्यावर पिवळं हेल्मेट, सायकल आमच्या सगळ्यांपेक्षा जुनी आणि आमच्या सगळ्यांपेक्षा कमी आवाज करणारी. ती एकटी यायची आणि उलटी फिरायची. तळं डाव्या हाताला. आम्ही मुळांच्या वाटेवर घाम गाळत असताना समोरून झाडांतून पिवळं काहीतरी चमकायचं, ती वाटेच्या कडेला होऊन आम्हाला जागा द्यायची, प्रत्येकाच्या तोंडाकडे रोखून बघायची आणि काहीतरी पुटपुटायची.

"करणी करते," आमचा पेठे म्हणाला. पेठे हा बँकेतला माणूस, सही जुळली तरी चष्मा पुसून पुन्हा बघणारा. "उलटी प्रदक्षिणा, एकटी बाई, पुटपुटणं. अजून काय पाहिजे?"

"अरे, तू विज्ञानाचा पदवीधर ना?"

"म्हणूनच निरीक्षण करतोय."

मी मात्र साधा संशय घेतला: ही चढ चुकवते. जिथे आम्ही वर चढतो तिथे ही खाली उतरते. लबाड.

तिसऱ्या-चौथ्या रविवारी पेठे हादरलेल्या चेहऱ्याने बांधावर आला. "मला ऐकू आलं. माझ्याकडे बघून ती 'सहा' म्हणाली."

"सहा काय?"

"तेच तर! सहा काय?"

आम्ही सगळे गोळा झालो. आणि हळूहळू एकेकाने कबूल केलं, की हो, आपल्यालाही काहीतरी आकडा मिळालेला आहे. कुणाला चार, कुणाला सात. मला तीन. आता मुंबईच्या माणसाला आकडा ऐकला की भाव वाटत असेल, पुण्याच्या माणसाला पत्ता वाटत असेल. डोंबिवलीच्या माणसाला आकडा ऐकला की गुण वाटतात. ही बाई आम्हाला गुण देत होती. दहापैकी.

त्यानंतर त्या तळ्याभोवती जे काही झालं ते पाहून देवीलाही हसू आलं असेल. पेठे पुढच्या रविवारी पाठ ताठ करून आला, कोपरं आत घेतलेली, कुठल्याशा व्हिडिओत बघितलेली बैठक. त्याला 'दोन' मिळाले. तो दिवसभर कुणाशी बोलला नाही. मी नवे हातमोजे घेतले, ती समोर आली तेव्हा गिअर अगदी नजाकतीने बदलला, चेहऱ्यावर सहज भाव आणला. मी हौशी नाटकांत कामं केलेली आहेत, सहज भाव मला जमतो. ती माझ्याकडे बघून म्हणाली, "एक."

एक! शाळेत हस्तकलेतसुद्धा मला एक मिळाला नव्हता.

आणि दादाला? दादा सगळ्यांच्या मागून, धापा टाकत, हँडल दोन्ही हातांनी म्हशीची शिंगं धरावीत तसं धरून यायचा. दादाला दर रविवारी नऊ. न चुकता नऊ.

"तिला अनुभवाची कदर आहे," दादा गंभीरपणे म्हणायचा, आणि थर्मासमधला चहा ओतायचा.

इथे माझ्या संशयाने घर बदललं. बाईवरून तो दादावर गेला. कारण दादा फेरीला वेळ लावायचा, आणि दिवसेंदिवस जास्त लावायचा. आम्ही बांधावर येऊन, चहा पिऊन, कुणाचा गुडघा किती वाजतो याची चर्चा संपवून बसलेलो असायचो, तेव्हा तो यायचा. आणि त्याच्या जरासं मागेपुढे, दुसऱ्या बाजूने, ती यायची. मी हे बघून ठेवलं. मग मी दादाचे कपडे बघायला लागलो. त्या दिवसांत गवत वाळून सोनेरी होतं आणि त्याची कुसळं मोज्यांना लागतात. सगळ्यांच्याच लागतात. पण दादाची कुसळं मोज्यांना नव्हती. ती पँटच्या मागच्या बाजूला होती. म्हणजे हा माणूस सायकलवरून उतरून गवतात बसत होता. आणि एकटाच बसत होता कशावरून?

"पेठे," मी कुजबुजलो, "त्रेसष्ट म्हणजे काही वय नाही."

पेठेने डोळे मिटले. "वहिनींना सांगणार कोण?"

"मी तर नाही. मी त्यांचे पोहे खाल्लेत."

आता मी तुम्हाला ती वाट दाखवतो, कारण संशयाने डोळ्यांना जी धार येते ती दुसऱ्या कशाने येत नाही. त्याआधी मी तिथे फक्त समोरच्याचं मागचं चाक बघायचो. दादाच्या पाळतीवर राहिलो तेव्हा मला कळलं, की ओहोळापाशी सकाळी एक खंड्या त्याच त्याच फांदीवर बसतो. की उन्हाची पहिली तिरीप आधी तळ्याच्या मधोमध पडते आणि मग काठाकडे येते, उलटी नाही. की कापलेल्या भातखाचरांत पेरलेला वाल फुलतो तेव्हा त्याचा वास येतो म्हणेपर्यंत जातो. की धुकं पाण्यावरून उठताना एकसंध उठत नाही, त्याचे झुपके होतात, आणि दोन झुपक्यांच्या मधून पलीकडच्या काठावर पिवळं हेल्मेट दिसतं. स्थिर. एकाच जागी थांबलेलं. त्याच्या शेजारी जमिनीलगत दादाचा निळा शर्ट.

मी माझं नाट्यज्ञान पणाला लावून मनातल्या मनात संवाद लिहिले. त्याचे, तिचे, वहिनीचे. वहिनीचे सर्वांत लांब होते.

माघ लागला होता. पळसाला पानं नव्हती आणि फुलं नुकती फुटायला लागली होती. त्या रविवारी मी पहिला बांधावर आलो. तोवर 'एक'ची सवय झालेली होती आणि आता निकालाची पर्वा नाही अशा बंडखोर मनःस्थितीत मी होतो. समोरून ती आली. पण बाजूला झाली नाही. तिने सायकल वाटेत आडवी घातली.

"तुम्ही त्यांचे भाऊ ना? निळ्या शर्टवाल्यांचे?"

"हो," मी म्हणालो, आवाजात जरा थंडपणा आणून. "का?"

"चला. ते बसलेत. आज रंग बरा नाही दिसत त्यांचा."

मी तिच्या मागे निघालो. उलटा. देवीला मनात हात जोडले. ती मागे न बघता बोलत होती, वाक्यं चढउतारांवर तुटत होती. दुसऱ्या की तिसऱ्याच रविवारी तिला दादा चढाच्या पायथ्याशी बसलेला दिसला होता, हात छातीवर. तो म्हणाला पित्त आहे. ती म्हणाली घरी सांगा. तो म्हणाला, घरी सांगितलं तर सायकल माळ्यावर जाईल. तिने मग अट घातली: दर रविवारी तुम्ही मला चढाच्या पायथ्याशी भेटलं पाहिजे, तोपर्यंत मी गप्प. ज्या दिवशी तुम्ही तिथवर पोहोचला नाहीत, त्या दिवशी मी सांगणार.

"आणि आज?"

"आज ओहोळाच्याही अलीकडे बसलेत. आठ भेटले मला. नववे भेटलेच नाहीत, मीच शोधत गेले. त्यांना बघून मग तुमच्याकडे आले."

मी पॅडल मारायचा थांबलो. "म्हणजे ते... आकडे..."

"मोजते मी," ती म्हणाली. "तुम्हाला काय वाटलं?"

मी काय वाटलं ते सांगितलं नाही. आजवर सांगितलेलं नाही. पेठेनेही नाही.

दादा एका ऐनाला टेकून बसला होता. शर्ट घामाने काळानिळा. आम्हाला बघून त्याने उठायचा प्रयत्न केला आणि जमलं नाही तसा तिच्याकडे बोट दाखवून म्हणाला, "फितूर! फितूर आहात तुम्ही!"

"हो काका, हाय मी फितूर," ती म्हणाली. तिच्या बोलण्यात घरची बोली आली, घाई झाली की येते तशी. "जाव द्या ते. हात कुठं दुखतोय? डावा काय?"

"काका नका म्हणू."

"बरं, दादा. डावा काय?"

दादाने मान हलवली. मग आम्ही टेम्पो जिथवर येऊ शकतो तिथवर आणला, सायकली देवीपाशी टाकून दिल्या, आणि दादाला मागे आडवं घालून निघालो. पेठे त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसला होता आणि रस्त्यावरच्या प्रत्येक खड्ड्याला त्या खड्ड्याच्या बापाचं नाव घेत होता. दादा मध्येच डोळे उघडून मला म्हणाला, "बाळ्या, हिला सांगू नकोस." आणि मी म्हणालो, "नाही सांगत." आणि दुसऱ्या हाताने वहिनीला फोन लावला.

कल्याणच्या दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, वेळेवर आणलंत. दोन नळ्या अडल्या होत्या, त्या उघडल्या. वहिनी आली, काचेतून बघितलं, बाकावर बसली. मला वाटलं होतं की मी मनात लिहिलेला लांब संवाद आता येणार. ती एवढंच म्हणाली, "ती बाई कोण? तिला जेवायला बोलव."

तिचं नाव सुगंधा. ठाण्यात शाळेत पीटी शिकवते, मुलींची कबड्डी बघते. कोलशेतच्या जुन्या कोळीवाड्यातली. दादाने ज्या कारखान्यात जन्म काढला, त्याच्या भोंग्यावर तिच्या घरी घड्याळ लावायचे, हे वहिनीच्या जेवणाच्या टेबलावर निघालं. दादा त्या दिवशी तिच्याशी बोलत नव्हता. भाजी वाढ म्हणायचं असेल तर मला सांगायचा.

मी तिला विचारलंच. "पण तुम्ही आम्हाला का मोजायचात? ओळख ना देख."

"सवय," ती म्हणाली. "लहानपणी बाबा आणि काका होडीने जायचे. आई खाडीकडं तोंड करून ओट्यावर बसायची. गेलेल्या होड्या किती, आलेल्या किती. आता आमच्या ओट्यावरून खाडी नाही दिसत, समोर टॉवर झाले. पण समोरून माणसं येताना दिसली की मी मोजते. बसस्टॉपवर पण मोजते. मुली पिकनिकला नेल्या की तर काय विचारूच नका."

"पण उलटं का फिरता?"

"सगळे एकाच दिशेनं गेलात तर मागं पडलेला कोणाला दिसणार? तुमच्यातला पुढचा म्हणतो मागं असेल. मागचा म्हणतो पुढं गेला असेल. पाठी बघून माणसं मोजता येत नाहीत."

वहिनी हातातला डाव तसाच धरून तिच्याकडे बघत होती. मग तिने विचारलं, जे मला सुचायला हवं होतं. "आणि बाई, तुला कोण मोजतं? तू तर एकटीच."

सुगंधा हसली. "हेच की, तुमचे दीर. आणि ते चष्मेवाले. एवढ्या संशयानं बघायचे माझ्याकडं, की एका रविवारी मी नाही दिसले तर पोलिसांत गेले असते. मी म्हटलं, यापेक्षा जास्त सुरक्षा कुठं मिळणार?"

मी त्यावर बराच विचार केला आहे, पार्किंगमध्ये, चादर हातात घेऊन. आपल्याकडे संशयाला फार वाईट नाव आहे. पण ज्याच्याविषयी काहीच वाटत नाही त्याच्या पँटला लागलेली कुसळं कुणी बघत नाही. वहिनी चाळीस वर्षांच्या संसारानंतरही गोळ्यांची डबी हलवून बघते, त्याला आपण प्रेम म्हणतो का? ती म्हणत नाही. ती म्हणते, "माझा यांच्यावर काडीचा विश्वास नाही." मी त्या हिवाळ्यात चुकीच्या गोष्टीचा संशय घेतला हे खरं. पण बघत होतो. जो बघतो त्याच्यासमोर कधीतरी सायकल आडवी घालता येते. जो विश्वास ठेवून पुढे निघून गेला, त्याला कुणी गाठायचं?

आता या वर्षीचं सांगतो. डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या करून दादाला परवानगी दिली आहे, चढ पायी चढायचा या बोलीवर. वहिनीने परवानगी दिलेली नाही, पण सायकलची चावी जागेवर ठेवली आहे. आम्ही आता पाळ्या लावून उलटे फिरतो. पेठेने आधी देवीला नारळ फोडला, मग फिरला. सुगंधाच्या मुलींचे सामने होते, म्हणून या रविवारी उलट्या फेरीची पाळी माझी.

इतकी वर्षं मी या माणसांच्या पाठी बघितल्या होत्या. त्या दिवशी पहिल्यांदा तोंडं बघितली. पेठे चढाला घाबरतो, हे मला माहीत नव्हतं. तो ओठ चावत येत होता, लहान मुलासारखा. दुसरा एकजण मनातल्या कुणाशी तरी भांडत येत होता, हातवारे करत. मला बघितलं की प्रत्येकजण चेहरा बदलायचा, घाईने, पाहुणे आल्यावर खुर्चीवरचे कपडे उचलावेत तसा. मी आकडे म्हणत होतो. मोठ्याने म्हणायची लाज वाटत होती, म्हणून पुटपुटत होतो.

मला धरून आठ झाले.

मग वाट रिकामी. पानांवरून कुठेतरी सरडा पळाला. मी थांबलो, उतरलो, पुन्हा बसलो. वळणावरून दादा आला. त्याने मला अजून पाहिलं नव्हतं. तोंड उघडं, नजर चाकापुढच्या हातभर जमिनीवर, चेहरा लाल. हा लाल श्रमाचा की दुसरा कसला, ते मला ठरवता येईना. मग त्याने मान वर केली, मला बघितलं, डोळे बारीक केले.

"काय रे? मोजतोस मला?"

"छे. गवत बघतोय."

"बघ, बघ," दादा म्हणाला, आणि माझ्या शेजारून जाताना शिट्टी वाजवायला लागला. कुठलं गाणं होतं देव जाणे, सूर त्याला कधीच नव्हता. पण शिट्टीला दम लागतो. मी सायकल धरून उभा राहिलो आणि ती कुठे तुटते ते ऐकत राहिलो. ओहोळाच्या गोट्यांवर ती जरा हलली, पण तुटली नाही. पलीकडे निघाली, झाडांत गेली, बारीक होत गेली. मग ऐकू येईना. दादाने थांबवली की अंतराने, ते मला कळलं नाही.

मी सायकल वळवली आणि फेरी अर्धीच सोडल्याबद्दल देवीची माफी न मागता त्याच्या मागे निघालो, तो मागे वळला तर मी दिसेन एवढं अंतर ठेवून.